एकाच शब्दाची वही

माणूस चौतीस वर्षं एकच काम करत राहिला की त्याचं नाव मागे पडतं आणि काम पुढे येतं. त्याचंही तसंच झालं. कारखान्यात तो सेटर होता, म्हणून गल्लीतही सेटर, दुकानातही सेटर. वरच्या मजल्यावर राहणारी त्याची थोरली बहीण कौतुकाच्या दिवशी "आमचा सेटर" म्हणायची आणि रागाच्या दिवशी "तुझा सेटर". हे "तुझा" त्याच्या बायकोला उद्देशून असे, हे वेगळं सांगायला नको.

सेटर म्हणजे काय ते लग्नाआधी बायकोलाही ठाऊक नव्हतं. तिला वाटलं होतं, नवरा मशीन चालवतो. पहिल्याच आठवड्यात त्याने समजावलं, की चालवणारे वेगळे. लेथवर लोखंडाचा तुकडा गरगर फिरतो आणि टूल त्याला कापत जातं. पण तो तुकडा कसा धरायचा, टूल किती आत जाऊ द्यायचं, कुठे थांबवायचं, हे आधी कुणीतरी केसाच्याही निम्म्या मापाने जुळवून ठेवावं लागतं. ते जुळवणारा तो सेटर. जुळलं की तो म्हणणार, "सेट", आणि मशीन चालवणाऱ्याच्या ताब्यात देणार.

"म्हणजे चूल तुम्ही पेटवायची आणि स्वयंपाक दुसऱ्याने करायचा," ती म्हणाली होती.

"हो. पण भाजलं तर दोष चूल पेटवणाऱ्याचा," तो म्हणाला.

एवढं लांब वाक्य तो वर्षातून दोन-तीनदाच बोले. बाकी काम त्या एका शब्दावर भागायचं. गजर लावला, सेट. पंख्याची खडखड थांबली, सेट. भाचीचं लग्न ठरलं तेव्हा सगळं घर डोळे पुसत होतं आणि मामा टोपी झटकत एवढंच म्हणाले, "सेट." हा शब्द इंग्रजी आहे याची त्याला आठवण तरी होती की नाही कोण जाणे. पगारासारखा तोही कारखान्यातून घरी येऊन येऊन घरचाच झाला होता.

निवृत्तीला आठ महिने उरले असताना एका सकाळी तो बूट घालायला खाली वाकला तो वर आलाच नाही. मेंदूत गुठळी. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा अशी तिघं एकदमच रजेवर गेली. आठ दिवस तोंडातून चकार शब्द नाही. नवव्या दिवशी नर्सने दांडा फिरवून फिरवून पलंगाची उशाकडची बाजू वर आणली, आणि ती योग्य उंचीला येताच त्याने डोळे उघडले आणि स्वच्छ म्हणाला, "सेट."

बायकोला आनंदाने रडू कोसळलं. शब्द आला, आता बाकीचे मागून येतील, असं तिला वाटलं. ती दुसऱ्या शब्दाची वाट बघत बसली. पाणी हवं का? सेट. मी कोण? सेट. दुखतंय का? सेट. तीन आठवडे झाले, घरी आणलं, तरी दुसरा शब्द काही आला नाही.

"चौतीस वर्षं तोच घोकला, तोच राहिला," नणंद म्हणाली. "तुझं नाव घोकलं असतं तर आज ते राहिलं असतं."

नणंदेला मनातलं जिभेवर यायला वेळ लागत नसे. ते वाक्य बायकोला दोन दिवस टोचत राहिलं.

रोज सकाळी त्याला रुग्णालयाच्या वाचा विभागात न्यायचं असे. तिथे शिकवणारी मुलगी वयाने लहान आणि बोलायला सरळ होती. ती त्याच्यापुढे चित्रांची कार्डं मांडायची. केळं, गाय, छत्री. "काका, छत्री कुठली?" काका छत्रीकडे बघायचे, मुलीकडे बघायचे, आणि मान खिडकीकडे वळवायचे. हजारातल्या एका भागाने माप चुकलं तर जॉब, म्हणजे घडवलेला अख्खा तुकडा, फेकून देणारा माणूस. त्याने केळ्यावर बोट ठेवावं अशी अपेक्षाच चुकीची होती, असं बायकोचं मत. पण मत तिचं होतं.

चौथ्या आठवड्यात मुलीने तिला बाजूला घेतलं.

"काकू, असं होतं कधीकधी. एखादा शब्द तोंडाला चिकटून राहतो. माणसाला काही सांगायचं असो वा नसो, तोच बाहेर पडतो. त्यात अर्थ असेलच असं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काकांना किती समजतंय ते मला सांगता येत नाहीये. ते कार्डांना हातच लावत नाहीत. बाराव्या आठवड्यात फेरतपासणी आहे. समजतंय असं दिसलं तर वर्षभर रोज वर्ग. नाही दिसलं तर ही खुर्ची यादीतल्या पुढच्या माणसाला द्यावी लागेल."

"थोडक्यात, आत माणूस आहे की नाही ते तुम्ही बाराव्या आठवड्यात ठरवणार."

"मी नाही ठरवत, काकू. मला दिसायला पाहिजे."

घरी येईपर्यंत बायको धुमसत होती. पण खरं सांगायचं तर तिला राग मुलीचा आला नव्हता. तिला भीती वाटली होती. कारण जे मुलीने तोंडाने म्हटलं ते तिनेही दोन-तीनदा भांडी घासताना मनात म्हटलं होतं. आत कुणी नसलंच तर? आपण रोज ज्याच्याशी बोलतो, ज्याला भरवतो, तो नुसता एक आवाज असला तर?

आता तिच्याविषयी एक गोष्ट सांगायला हवी. ती सव्वीस वर्षं एका मोठ्या कचेरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसली होती. कानाला यंत्र, समोर भोकंच भोकं, आणि दिवसाकाठी चारशे आवाज. चेहरा एकाचाही नाही. त्या खुर्चीत बसून तिला कळायला लागलं होतं, की "हॅलो" नावाचा एक शब्द नसतोच. साहेबाचा हॅलो, साहेबाला घाबरणाऱ्याचा हॅलो, खोटं आजारपण कळवायला फोन केलेल्याचा हॅलो, खऱ्या आजारपणाचा हॅलो. पुढचं ऐकायच्या आत ती तार योग्य भोकात खुपसायची आणि क्वचितच चुकायची. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी कान अजून नोकरीतच होता.

त्या दिवशी संध्याकाळी तिने कानाला कामाला लावलं आणि ती चमकली. तो दिवसभर एकच शब्द बोलत नव्हता. शब्द एक होता, पण त्याचे ट वेगळे होते, ए वेगळे होते. काही सेट चढते होते, काही उतरते. एखाद्यात ट नुसता जिभेला लागून परत जायचा, एखाद्यात दारावर थाप पडल्यासारखा पडायचा.

तिने शंभरपानी वही काढली. डाव्या पानावर वेळ आणि आवाज, उजव्या पानावर अर्थ. खालच्या पट्टीत, शेवट गिळलेला: उशी सरकव. दोनदा, घाईने: बाथरूम. या अर्थाबद्दल शंकेला जागाच नव्हती, कारण उशीर केला की पुरावा मिळत असे. लांबलेला, शेवटी चढणारा: कोण आलंय? बातम्या लागल्यावर तुटक: खोटं आहे सगळं. नणंद आत आली की डोळे मिटून, एका उसाशाबरोबर: हा अर्थ तिने वहीत लिहिला नाही, पण तिला तो सगळ्यात आधी कळला होता.

सहाव्या आठवड्यात अर्थ एकतीस झाले. तिला त्याचा छंदच लागला. एका शब्दात किती मावतं, हे बघायची उत्सुकता भीतीच्याही वर चढली. मूळ इंग्रजीत तरी या शब्दाला किती अर्थ असतील? घरात शब्दकोश एकच होता, तोही वरच्या मजल्यावर, आणि नणंदेने तो टीव्हीच्या मोडक्या पायाखाली दिला होता. बायकोने तो मागून घेतला. तेव्हापासून नणंदेचा टीव्ही डावीकडे कलला आणि नणंद मान कलती करून मालिका बघू लागली.

शब्दकोशाने त्या एवढ्याशा शब्दाला बारीक अक्षरात अडीच पानं दिली होती. ती चष्मा लावून वाचत बसली. हाड जुळून आलं की सेट. सिमेंट घट्ट झालं की सेट. अंगठीत खडा बसवला, परीक्षेचा पेपर काढला, सापळा लावला, गाण्याला चाल दिली, घरातून प्रवासाला निघालं, सगळीकडे सेट. आणि संध्याकाळी पश्चिमेला सूर्य जातो, तोही बिचारा सेटच.

"अहो, ऐकलंत का," ती त्याला म्हणाली, "तुमचा सूर्यसुद्धा सेट होतो म्हणे."

त्याने तिच्याकडे बघितलं आणि तोंडाच्या चालत्या डाव्या कोपऱ्याने तो हसला. की तिला तसं वाटलं? तिने वहीत बत्तिसावा आकडा घातला, आणि मग खोडला. ही अडीच पानं ज्याने लिहिली तोही कुणाकुणाच्या तोंडाकडे कान लावून बसला असणार, असं तिला वाटत राहिलं.

सातव्या आठवड्यात ती वही घेऊन वाचा विभागात गेली. मुलीने सगळी पानं वाचली. अगदी मन लावून वाचली. मग म्हणाली, "काकू, सुंदर आहे हे. पण एक विचारू? यातलं त्यांचं किती आणि तुमचं किती, हे कसं ठरवलंत?"

 बायको वही पिशवीत टाकून घरी आली. 

संध्याकाळी चष्म्याची डबी शोधताना त्याच्या खणात तेलकट फडक्यात गुंडाळलेलं गेज हाताला लागलं. बोटाएवढी पोलादी कांडी. मध्ये धरायला खरखरीत, दोन्ही टोकं गुळगुळीत, आणि दोन्ही टोकांच्या जाडीत डोळ्याला दिसणार नाही एवढा फरक. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याने ते तिच्या हातात देऊन आपल्या लांब वाक्यांपैकी एक वाक्य खर्च केलं होतं. "हे टोक भोकात गेलं पाहिजे, आणि हे जाता कामा नये. नवशिका नुसतं जाणारं टोक घालून बघतो आणि खूश होतो. पण भोकच मोठं पडलं असेल तर त्यात काहीही जाईल. जॉब खरा की खोटा, ते न जाणारं टोक सांगतं."

ती गेज हातात धरून खुर्चीत बसली. तिच्या वहीत सगळी जाणारी टोकंच होती. त्याने सेट म्हणायचं, तिने उशी सरकवायची, त्याने गप्प राहायचं, आणि तिने लिहायचं: उशी. उशीऐवजी तिने छत्री दिली असती आणि तो तेव्हाही गप्प राहिला असता तर?

दुसऱ्या दिवसापासून तिने जाणूनबुजून चुका करायला सुरुवात केली. उशीचा सेट आला तेव्हा तिने त्याच्या पायावरची चादर सारखी केली. त्याने डोळे वटारले आणि तोच सेट, आणखी खालच्या पट्टीत, परत म्हटला. उशी टिकली. "कोण आलंय"ला तिने पाणी दिलं, तर त्याने पेला ढकलून दाराकडे हनुवटी केली. तेही टिकलं. पण बातम्यांऐवजी गाणी लावली तेव्हाही त्याने तोच तुटक सेट म्हटला. म्हणजे "खोटं आहे सगळं" हे तिचंच मत होतं. तिने ते खोडलं.

आणि मग विसावा अर्थ. रोज सकाळी ती केस विंचरून, साडी सारखी करून समोर आली की तो मऊ आवाजात एक सेट म्हणे. वहीत तिने लिहिलं होतं: छान दिसतेस. तिथे प्रश्नचिन्हही घातलं नव्हतं. त्या सकाळी ती विस्कटलेल्या केसांनी, पदर कसातरी खोचून, गालाला पिठाचा हात लावून समोर उभी राहिली. त्याने तिच्याकडे बघितलं आणि त्याच मऊ आवाजात म्हटलं, "सेट."

तिने आत जाऊन वहीतली ती ओळ खोडली. पेन कागदातून आरपार गेलं. नंतर तिने तोंड धुतलं आणि ती बराच वेळ टॉवेलमध्ये तोंड खुपसून उभी राहिली.

आठवड्याअखेर एकतिसांतले वीस गेले. अकरा राहिले. ती आधी विसांसाठी रडली. मग अकरांकडे बघत बसली. हे अकरा मात्र चुकीच्या भोकात जात नव्हते. हे तिचे नव्हते, म्हणजे त्याचे होते. पण अकरांमध्ये उशी, पाणी, बाथरूम, ऊन लागतंय, असलीच मंडळी होती. तान्ह्या बाळालाही एवढं सांगता येतं, असं मुलगी म्हणाली असती आणि तिचं काही चुकलं नसतं.

अकरांतला एक सेट मात्र अजून कुठेच बसत नव्हता. वहीत एकोणिसावा, समोर नुसतं प्रश्नचिन्ह. तो रोज दुपारी चारला यायचा. नवरा डाव्या हाताने चमचा उचलायचा, खुर्चीपुढच्या टेबलावर दोनदा ठोकायचा, चमचा खाली ठेवून पंजा टेबलावर सपाट टेकायचा आणि म्हणायचा, "सेट." मग वाट बघायचा. कशाची ते कळत नसे. तेवढ्यात ती चहा घेऊन यायची, टेबलावर जागा हवी म्हणून त्याचा पंजा अलगद उचलून त्याच्या मांडीवर ठेवायची. तेवढ्याने तो बिथरायचा. चहा ढकलायचा, मान फिरवायचा, अंधार पडेपर्यंत तिच्याकडे बघायचा नाही.

तिने चहाऐवजी दूध दिलं, सरबत दिलं. खिडकी उघडली, खिडकी लावली. टेबल बदललं, खुर्ची फिरवली. काही उपयोग नाही.

"तुझ्यावर राग आहे त्याचा," नणंदेने निकाल दिला. "मनात साठलेलं असतं माणसाच्या."

"चौतीस वर्षांचं रोज बरोबर चारलाच बाहेर येतं का, ताई?"

"तो पहिल्यापासूनच वक्तशीर आहे."

अकराव्या आठवड्यात कारखान्यातली चार नंबरवाली भेटायला आली. चार नंबरच्या लेथवर काम करणारी म्हणून तिचं हे नाव. रुंद खांद्यांची, मोठ्याने बोलणारी बाई. दुपारी चारला पाळी बदलली की ती त्याच्याकडून मशीन घ्यायची, बारा वर्षं. आज तिची सुट्टी होती. बिस्किटांचा पुडा टेबलावर ठेवून ती त्याच्या शेजारी बसली आणि कारखान्यातली सगळी खबर एका दमात सांगत सुटली.

"नवा सेटर आलाय वहिनी, पण मेलं नुसतं दिसायला गोंडस. माप घेतो आणि मोबाईल बघतो, मोबाईल बघतो आणि माप घेतो. परवा मी म्हटलं, बाबा रे, एक काहीतरी..."

चार वाजले. बायकोने चहाचे कप टेबलावर ठेवले आणि त्याने चमचा उचलला. टक, टक. पंजा टेबलावर सपाट. "सेट."

चार नंबरवालीने बोलणं थांबवलं नाही, मान वळवली नाही. उजव्या हातात बिस्कीट होतं, म्हणून डावा पंजा त्याच्या पंजाशेजारी टेकवला, "घेतलं" म्हणाली, आणि पुढे चालू, "...एक काहीतरी कर."

त्याने टेबलावरचा हात उचलला. खुर्चीला पाठ टेकली. एक मोठा श्वास सोडला, आणि डाव्या हाताने कप जवळ ओढून चहा प्यायला लागला.

बायको ट्रे हातात धरून जागच्या जागी उभी होती.

"काय म्हणालात तुम्ही?"

"कुठे काय?"

"आत्ता. हात ठेवून."

चार नंबरवालीने आपल्या पंजाकडे बघितलं, आपण काय केलं ते तिला तेव्हा कळलं. "अगं बाई. सवय हो, वहिनी. त्यांचाच नियम तो. दोन ठोके, मशीनवर हात आणि सेट. मशीन घेणाऱ्याने शेजारी हात ठेवायचा आणि घेतलं म्हणायचं. तोवर सेटर हात काढत नाही. कुणी घेतलंच नाही तर तो तिथेच उभा राहणार. कितीही वेळ. मशीन तोवर त्याच्या जबाबदारीवर."

"आणि कुणी त्याचा हात उचलून बाजूला केला तर?"

"बापरे. असं कोण करेल? तोंडात मारल्यासारखंच की ते." मग तिने आवाज खाली आणला. "त्यांचं बोट असंच गेलं ना. हे आत हात घालून बघत होते आणि नव्या माणसाने बटण दाबलं. दुसऱ्या दिवसापासून हा नियम."

बायकोने त्याच्या मांडीवरच्या निर्जीव उजव्या हाताकडे बघितलं. मधल्या बोटाचं टोक नव्हतं. एकोणतीस वर्षांपूर्वी पट्टी बांधून घरी आला तेव्हा तो म्हणाला होता, "दारात सापडलं." आणि टेलिफोनवर चारशे लोकांचं खोटं ओळखणाऱ्या तिने ते खरं मानलं होतं. तिला त्याचा राग आला आणि लगेच माया आली. पण सगळ्यात जास्त लाज वाटली. सात आठवडे ती रोज चारला त्याचा हात उचलून बाजूला करत होती. अगदी प्रेमाने.

तरी दुसऱ्या दिवशी तिने न जाणारं टोक लावून बघितलंच. चार वाजले, दोन ठोके, पंजा, "सेट." ती म्हणाली, "बरं." हात हलला नाही. "ठेवलं," ती म्हणाली. हात हलला नाही. तिने शेजारी पंजा ठेवला पण गप्प राहिली, तर त्याने तिच्याकडे रोखून बघितलं, नवशिक्याकडे बघावं तसं. मग ती म्हणाली, "घेतलं."

त्याने हात उचलला. तिचे डोळे भरून आले आणि ती हसत सुटली. आत माणूस होता. नुसता नव्हता, कामावर होता.

बाराव्या आठवड्यात तिने मुलीपुढे वही ठेवली. खोडलेले वीस, राहिलेले अकरा आणि शेवटी एकोणिसाव्यापुढचा नवा मजकूर. मुलीने तो दोनदा वाचला.

"मी करून बघू?"

"बघा की."

मुलीने टेबलावर पेन्सिल दोनदा ठोकली, पंजा टेकवला, "सेट" म्हणाली, आणि काय होतंय ते लिहून घ्यायला लगेच हात उचलून वही ओढली.

धाडकन आवाज झाला. त्याने डाव्या हाताने टेबलावर थाप मारली होती. "सेट!" असं म्हणून तो हनुवटीने तिचा हात दाखवत होता, मग टेबल दाखवत होता. मुलीने गडबडून हात परत ठेवला. तेव्हा त्याने सावकाश आपला पंजा तिच्या पंजाशेजारी टेकवला, तिच्याकडे बघितलं, आणि मान हलवली. आता काढ.

मुलीने हात काढला.  मग केळं, गाय आणि छत्री गोळा करून तिने खणात टाकली आणि खण बंद केला.

"उद्या येताना त्यांचा पाना घेऊन या, काकू. आणि तुमची वही. उद्यापासून वर्षभर, रोज."

घरी आले तेव्हा तीन वाजून गेले होते. बायकोचे पाय दुखत होते. पायच काय, सगळंच दुखत होतं. बारा आठवडे ती एका कानाने झोपत होती. चार वाजता त्याने ठोके दिले, तिने पंजा ठेवला, "घेतलं" म्हणाली, त्याने हात उचलला. आणि पहिल्यांदाच तिच्या मनात आलं, की हा रोज देत होता आणि आपण रोज घेत होतो. आपण मात्र अजून कुणालाच काही दिलेलं नाही.

तिने चमचा उचलला. दोनदा ठोकला. समोरच्या वहीवर पंजा टेकवला आणि म्हणाली, "सेट."

त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, बराच वेळ. मग त्याचा डावा पंजा वहीवर, तिच्या पंजाशेजारी आला. "घेतलं" त्याला म्हणता येणार नव्हतं. त्याने मान हलवली. तिने हात काढला, पलंगावर आडवी झाली, आणि भिंतीकडे तोंड करते न करते तोच तिला झोप लागली.

जाग आली ती नणंदेच्या आवाजाने. खोलीत दिवा लावलेला होता, घड्याळात साडेसहा वाजले होते.

"अगं, ऊठ. बघ याचं काय झालंय ते. दोन वेळा चहा आणला, दोन्ही वेळा गार झाला. तो हात उचलेल तर शपथ! मी उचलायला गेले तर माझ्यावर गुरकावला."

ती उठून बसली. तो खुर्चीत ताठ बसला होता. पंजा वहीवर होता, तिने ठेवला होता तिथेच, आणि अडीच तासांनी बोटं गारठून पांढरी पडली होती. तिला उठलेलं बघून त्याने चमच्याकडे बघितलं. पण चालता हात वहीवरच होता आणि तो काढणं नियमात नव्हतं. म्हणून त्याने वहीवरच एका बोटाने दोनदा ठोकलं.

"सेट," तो म्हणाला.

ती केस न सावरता तशीच त्याच्याजवळ गेली, आणि त्याच्या पंजाशेजारी आपला पंजा ठेवला.

"घेतलं," ती म्हणाली.